बेस गिटारसाठी पिकअपची निवड

कारागिराकडून खास घडवून घेतलेल्या इलेक्ट्रिक बेस गिटारमध्ये कोणते पिकअप, किती आणि तारांखाली नेमके कुठे बसवायचे, हे ठरवण्याची प्रक्रिया. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या बारीक वायरचे वेटोळे. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरली की वेटोळ्यात तिच्या कंपनांबरहुकूम क्षीण विद्युत संकेत उमटतो आणि तो अँप्लिफायरकडे जातो.

तयार गिटार घेणाऱ्यासाठी ही निवड कंपनीने आधीच केलेली असते. घडवून घेणाऱ्याला ती स्वतः करावी लागते, आणि तीही लाकडाला राउटर (खाच कोरणारे यंत्र) लागण्यापूर्वी. पिकअप नंतर बदलता येतो, पण बॉडीत कोरलेली खाच हलवता येत नाही. म्हणून जागा आधी, आकार त्यानंतर आणि चुंबक-वेढ्यांचा विचार सर्वांत शेवटी, हा क्रम योग्य. बहुतेक जण मात्र ब्रँडच्या नावापासून सुरुवात करतात.

जागा : ब्रिजजवळ, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तिथे, तार कमी हलते. तिथे मूळ स्वर क्षीण आणि वरचे हार्मोनिक (मूळ स्वरासोबत उमटणारे उपस्वर) तुलनेने ठळक मिळतात, त्यामुळे आवाज घट्ट, नाकातला आणि नेमका येतो. नेककडे (गिटारच्या मानेकडे) सरकावे तसा तो भरदार आणि गोलसर होतो. हा फरक किती बारीक असतो, हे फेंडरच्या जॅझ बेसवरून कळते. १९७०च्या दशकात तिचा ब्रिजकडचा पिकअप साधारण एक सेंटिमीटर ब्रिजकडे सरकला. तेवढ्यानेच दोन्ही पिकअप एकत्र वाजवतानाचा आवाज पालटला आणि वादक आजही ‘साठची जागा’ की ‘सत्तरची जागा’ हे कारागिराला आवर्जून सांगतात.

२४व्या फ्रेटच्या (नेकवरील आडव्या धातूच्या पट्टीच्या) जागी, म्हणजे ब्रिजपासून तारेच्या एक चतुर्थांश लांबीवर, पिकअप बसवावा असे काही जण सुचवतात. ३४ इंची स्केलवर (मोकळ्या तारेच्या लांबीवर) ही जागा ब्रिजपासून साडेआठ इंचांवर येते. पण हे गणित फक्त मोकळ्या तारेपुरते खरे आहे. तिथे चौथ्या हार्मोनिकचा निस्पंद बिंदू (जिथे त्या हार्मोनिकसाठी तार हलत नाही) असल्याने तो हार्मोनिक जवळजवळ ऐकूच येत नाही. बोट पहिल्या फ्रेटवर ठेवताच कंप पावणारी लांबी बदलते आणि बिंदूही सरकतो. अशा सूत्रापेक्षा आवडत्या गिटारवर ब्रिजपासून पिकअपच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून कारागिराला देणे कितीतरी भरवशाचे.

प्रमुख प्रकार : फेंडर कंपनीने १९५१ साली आणलेल्या प्रिसिजन बेसमध्ये एकच साधा सिंगल-कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप होता. १९५७ मध्ये त्याचे दोन तुकडे झाले. प्रत्येक तुकडा दोन तारांसाठी, आणि दोघांचे वेढे व चुंबकीय ध्रुव परस्परविरुद्ध. त्यामुळे विजेची घरघर कटते, पण प्रत्येक तार एकाच कॉइलवरून जात असल्याने आवाजाचा ठाशीवपणा टिकतो. बेसवादक जेम्स जेमरसन यांनी मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत हाच पिकअप फ्लॅटवाउंड (सपाट, गुळगुळीत वेढ्याच्या) तारांसह वाजवला. पिकअपचे दोन्ही तुकडे उलट क्रमाने बसवले, की जाड तारांचा तुकडा ब्रिजकडे जातो. त्यामुळे खालचे स्वर आवळले जातात आणि बारीक दोन तारांना अंग येते. पाच तारांच्या गिटारसाठी हा बदल जरूर विचारात घ्यावा.

जॅझ बेस १९६० मध्ये आली. तिचे दोन सिंगल-कॉइल पिकअप परस्परविरुद्ध असल्याने दोन्हींचे व्हॉल्यूम समान असेपर्यंत घरघर नसते. एकाचे कमी केले की ती परतते. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे आणि चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा. म्हणजे घरघर थेट वाद्याच्याच पट्ट्यात येते आणि ईक्यूने (स्वरपट्टे कमीजास्त करणाऱ्या नियंत्रणाने) कापू गेल्यास स्वरही कापला जातो. फक्त ब्रिजकडचा पिकअप वाजवायची ज्यांची सवय आहे (बेसवादक जॅको पास्टोरियस यांच्या फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट नसलेल्या, बेसचा आवाज तिथलाच) त्यांनी वरखाली रचलेल्या दोन कॉइलचा, घरघर न करणारा पिकअप घ्यावा आणि खाचेला आतून तांब्याचा पत्रा लावून घ्यावा. पत्र्याने सिंगल-कॉइलची चुंबकीय घरघर जात नाही, फक्त आसपासच्या उपकरणांची करकर कमी होते.

म्यूझिक मॅनच्या १९७६ च्या स्टिंगरेने मोठ्या पोलपीसचा (तारांखालच्या चुंबकी खुंट्यांचा) हंबकर, म्हणजे घरघर घालवणारा दुहेरी कॉइलचा पिकअप, आणि गिटारमध्येच बसवलेला प्रीअँप (संकेत वाढवणारे सर्किट) यांची जोडी रूढ केली. स्लॅपसाठी (अंगठ्याने तार ठोकून वाजवण्यासाठी) ती आजही लोकप्रिय आहे. सोपबार हा मात्र ध्वनीचा प्रकार नसून केवळ पिकअपच्या पेटीचा आकार आहे. आत सिंगल, स्प्लिट किंवा दुहेरी, कोणतीही कॉइल असू शकते. घडवून घेणाऱ्याला याचा मोठा फायदा होतो. ईएमजी या पिकअप कंपनीच्या साडेतीन, चार आणि साडेचार इंच लांबीच्या पेट्या प्रचलित असल्याने त्या मापाची खाच कोरली, तर पुढे लाकडाला हात न लावता पिकअप बदलता येतो.

चुंबक आणि वेढे : अल्निको-५ हा जुन्या फेंडरी आवाजाशी जोडलेला मिश्रधातू. सिरॅमिक चुंबक सहसा अधिक तेज आणि जोरकस पिकअपमध्ये आढळतो. तरी निव्वळ चुंबकाच्या नावावरून आवाज ओळखता येत नाही. वेढे वाढवले की संकेत जोरदार होतो, पण अनुनादाची वारंवारिता खाली येऊन वरची चमक कमी होते. जाहिरातीत दिलेला किलोओहम रोध हा याचा ढोबळ अंदाज आहे. वायरची जाडी बदलली तरी तो बदलतो, म्हणून वेगवेगळ्या बनावटीच्या पिकअपची तुलना त्यावरून करू नये. उंचीही महत्त्वाची आहे. चुंबक तारेच्या फार जवळ गेला तर तिला ओढतो आणि स्वर डुगडुगतो.

पॅसिव्ह की अ‍ॅक्टिव्ह : पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीविना चालणाऱ्या, सिंगल-कॉइलला सहसा २५० किलोओहमचे, तर ईएमजीसारख्या बॅटरीवर चालणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपला २५ किलोओहमचे पॉट (आवाज कमीजास्त करणारे फिरते रोधक) लागतात. त्यामुळे दोन्ही जातींचे पिकअप एकाच गिटारमध्ये थेट जोडणे त्रासाचे ठरते. लांब केबल पॅसिव्ह पिकअपची वरची धार खाते. गिटारमधला प्रीअँप हे टाळतो. बेसवादक मार्कस मिलर यांच्या १९७७ च्या जॅझ बेसचा आवाज मूळ पॅसिव्ह पिकअपला गिटार-कारागीर रॉजर सॅडोव्स्की यांनी प्रीअँप जोडून घडवला. पॅसिव्ह पिकअप, वेगळा प्रीअँप आणि तो वगळणारा स्विच ही मांडणी सर्वांत लवचीक आहे; बॅटरी संपली तरी कार्यक्रम थांबत नाही. ९ व्होल्टच्या बॅटरीची जागा मात्र नकाशातच धरावी लागते.

पाच-सहा तारांच्या गिटारमध्ये तारांमधले अंतर आधी निश्चित करावे लागते. ब्रिजवर १९ मिलिमीटर अंतर असेल, तर अरुंद पिकअपच्या कडेच्या तारा पोलपीसच्या बाहेर पडतात आणि क्षीण वाजतात. सलग पट्टीचा चुंबक असलेल्या पिकअपमध्ये ही अडचण फारशी येत नाही. तिरप्या फ्रेटच्या गिटारला पिकअपही तिरपे लागतात. अनुभवी कारागीर पिकअप प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय खाच कोरत नाहीत, कारण छापील मापे आणि खरी पेटी यांत मिलिमीटरभराचा फरक निघू शकतो.