बांधकाम सुरक्षा खर्च (खानदेश)

बांधकामावर अपघात टाळण्यासाठी केलेला खर्च. हेल्मेट, पट्टे, बूट ही त्याची चटकन दिसणारी बाजू. परांचीचे कठडे, चरांना दिलेला आधार, मजुरांचे प्रशिक्षण आणि देखरेख करणाऱ्याचा पगारही त्यातच मोडतो. खर्च वाढला की अपघात घटतात, पण त्याच प्रमाणात नव्हे. पैसा नेमका कशावर घातला, हे रकमेपेक्षा महत्त्वाचे ठरते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत हे पायाच्या खोदाईत दिसते. तापी खोऱ्यातली काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो. उन्हाळ्यात ताठ उभी असलेली चराची कड वळवाच्या एका सरीने ढासळू शकते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सुरक्षा नियमांनुसार 1.5 मीटर किंवा त्याहून खोल चराच्या कडा टप्प्याटप्प्याने मागे घ्याव्यात किंवा त्यांना फळ्या-बल्ल्यांचा आधार द्यावा. उपसलेली माती काठापासून निदान 1.5 मीटर लांब टाकावी. फळ्या-बल्ल्यांना पैसे पडतात. माती लांब टाकायला जवळपास काहीच पडत नाही, तरी प्लॉट अरुंद म्हणून ढीग काठावरच लागतो. कड कोसळली तर डोक्यावरचे हेल्मेट फारसे कामाला येत नाही.

हा खर्च टळण्याचे कारण बरेचदा निविदेतच असते. सुरक्षा दरात 'धरलेली' असली की कमी दराने काम घेणारा ठेकेदार पहिली काटछाट तिथेच करतो. तिची बाब वेगळी दाखवून मोजमापाप्रमाणे बिल दिले, तर चोरी अवघड होते. शिवाय अपघाताचा सगळा भार ठेकेदाराच्या वहीत उतरत नाही. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या भरपाई कायद्यातील सूत्राप्रमाणे मृत्यूची भरपाई म्हणजे मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून येणारी रक्कम, आणि तीही विम्यातून देता येते. उरलेले नुकसान मजुराच्या घरी जाते.

1996 च्या बांधकाम कामगार कायद्यान्वये (तो नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू होता) सुरू झालेला, बांधकाम खर्चावर वसूल होणारा 1 टक्का उपकर म्हणजे सुरक्षा खर्च नव्हे. तो कल्याण निधीत जमा होतो. त्यातून नोंदणीकृत कामगाराला सुरक्षा संच मिळतो. चराला आधार मिळत नाही. दहापेक्षा कमी मजूर असलेली कामे आणि 10 लाखांपर्यंतची स्वतःची घरे त्या कायद्याने बाहेरच ठेवली होती. खेड्यात मिस्तरी चार-पाच माणसे घेऊन स्लॅब टाकतो, ती कामे याच गटातली.