बिलापासून मस्टरपर्यंत : वेळापत्रकाने चालणाऱ्या संगणक-नोंदींची पार्श्वभूमी

नवी मुंबईतील महापे, रबाळे, ऐरोली किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एखाद्या मध्यम आकाराच्या कार्यालयात दर पंधरा मिनिटांनी एक स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी यादी) आपोआप सुरू होते, नेटवर्कवरील प्रत्येक संगणकावर कोण लॉगिन आहे याची विचारणा करते आणि आलेले उत्तर एका फाइलमध्ये ओळीखाली ओळ जोडत जाते. कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने ही पाळत असते, तर व्यवस्थापनाच्या दृष्टीने हजेरीचे मस्टर. मुळात मात्र अशा नोंदी प्रामुख्याने हिशेबासाठी ठेवल्या जात होत्या.

१९६० च्या दशकात संगणकाचा वेळ अतिशय महाग होता आणि एकच यंत्र अनेकजण वाटून वापरत असत. कुणी किती वेळ वापरला हे ठाऊक असल्याशिवाय खर्चाची वाटणी करता येत नसे. युनिक्स या संगणक-प्रणालीच्या १९७१ सालच्या पहिल्याच माहितीपुस्तिकेत सध्या कोण आत आहे हे सांगणारी ‘हू’ ही आज्ञा आणि प्रत्येक लॉगिन-लॉगआउट टिपणारी ‘डब्ल्यूटीएमपी’ ही फाइल आढळते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत याच फाइलवरून प्रत्येकाच्या वापराचे तास काढणारी आज्ञा होती, आणि दर मिनिटाला जागा होऊन ठरल्या वेळेची कामे उरकणारा ‘क्रॉन’ही होता. पुढे जे काही झाले त्याचे दोन्ही सुटे भाग, म्हणजे लॉगिनची नोंद आणि वेळापत्रक, असे एकाच यंत्रात येऊन बसले होते.

हिशेबाच्या वहीचा उपयोग चोर पकडण्यासाठी होऊ शकतो, हा विचार संगणक-सुरक्षेचे अभ्यासक जेम्स अँडरसन यांनी १९८० च्या अहवालात मांडला. त्याची प्रचिती १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत आली. तेथील वापराच्या हिशेबात अवघ्या ७५ सेंटचा फरक येत होता. तो शोधता शोधता क्लिफर्ड स्टोल हे खगोलशास्त्रज्ञ जर्मनीतून लष्करी संगणकांत शिरणाऱ्या घुसखोरापर्यंत पोहोचले. लगेच पुढच्या वर्षी संगणक-सुरक्षेच्या संशोधक डोरोथी डेनिंग यांनी प्रत्येकाच्या नेहमीच्या वापराचे प्रमाण ठरवून त्याबाहेरचे वर्तन यंत्रानेच हेरावे, अशी रचना प्रसिद्ध केली.

आपल्याकडील लहान कार्यालयांत ही गोष्ट विंडोजच्या वाटेने आली, आणि हेतूही बदलून आली. प्रस्तुत लेखकाने महापे येथील एका कार्यालयात २००४ च्या सुमारास पाहिलेली व्यवस्था म्हणजे प्रत्येक यंत्राच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवलेली तीन ओळींची बॅच फाइल (एकामागून एक चालणाऱ्या आज्ञांची फाइल) होती. संगणक चालू करून लॉगिन केले, की नाव, यंत्राचा क्रमांक आणि वेळ सामाईक फोल्डरमधील एका मजकूर फाइलमध्ये जाऊन पडे. लेखा विभागातील एक बाई रोज नऊच्या ठोक्याला येत. परंतु त्यांच्या यंत्रातील मदरबोर्डची बॅटरी संपली होती आणि रात्री मेन स्विच बंद होत असल्याने दररोज सकाळी घड्याळ १ जानेवारी २००२ वर जाऊन बसे. महिनाअखेरीस फाइल एक्सेलमध्ये ओढली गेली तेव्हा त्या महिन्यात बाईंची एकही हजेरी निघाली नाही. खुलासा लेखी द्यावा लागला, तोही बाईंनाच.

यावरचा उपाय म्हणजे विचारणा मध्यवर्ती सर्व्हरवरूनच करायची, म्हणजे घड्याळ एकच राहते. विंडोज एनटीच्या काळापासून ठरल्या वेळी काम सुरू करणारी ‘ॲट’ ही आज्ञा उपलब्ध होती, विंडोज एक्सपीबरोबर त्याच कामाची ‘एससीएचटास्क्स’ आली आणि २००६ पासून पॉवरशेल या आज्ञा-भाषेमुळे हे काम चार ओळींत होऊ लागले. घड्याळाचा प्रश्न सुटला. पण दहा वाजून एक मिनिटाने आलेला आणि दहा चौदाला गेलेला माणूस पंधरा मिनिटांच्या फेरीत सापडतच नाही. उलट, सत्र उघडे ठेवून स्टेशनबाहेर चहाला गेलेला पूर्णवेळ हजर दिसतो.

म्हणून पुढे फेऱ्यांऐवजी यंत्राने स्वतः केलेल्या नोंदी गोळा करण्याकडे कल झुकला. विंडोज व्हिस्टापासून यशस्वी लॉगिनची नोंद ४६२४ या क्रमांकाने होते, त्याआधी ती ५२८ होती. मात्र सामाईक फोल्डर उघडला तरी सर्व्हरवर ४६२४ उमटते, त्यामुळे लॉगिनचा प्रकार (समोर बसून केलेले २, नेटवर्कवरून ३, दूरस्थ डेस्कटॉपचे १०) न पाहता केलेली मोजणी निरुपयोगी ठरते. वीज गेली तर लॉगआउटची नोंद होतच नाही. स्क्रीन कुलूपबंद झाल्याची ४८०० ही नोंद मुद्दाम चालू करावी लागते, आणि ती चालू केलेली कार्यालये माझ्या पाहण्यात फारच थोडी आहेत.

कायदा या सगळ्याच्या बराच मागून आला. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी लॉग (यंत्रांच्या नोंदी) १८० दिवस जपणे आणि यंत्रांची घड्याळे प्रमाण वेळेशी जुळवणे बंधनकारक केले. २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याचे सातवे कलम नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीवाचूनही माहिती वापरण्याची मुभा देते. फेरी किती मिनिटांची असावी आणि नोंदीत काय टिपावे, हे त्या कलमात लिहिलेले नाही. ते आजही टास्क शेड्युलरच्या (विंडोजमधील वेळापत्रकाच्या) खिडकीत बसलेला ॲडमिनच ठरवतो.