फ्रान्समध्ये मोटरहोमने फिरायचंय? व्हिसा, परवाना आणि मुक्कामाचे कागद

व्हिसाच्या अर्जात मुक्कामाचा पत्ता विचारतात. हॉटेलात उतरणारा माणूस तो रकाना दोन मिनिटांत भरतो. पण ज्याचं घरच चाकांवर आहे, रोज रात्री नव्या गावात, त्याने काय लिहायचं? फ्रान्समध्ये मोटरहोम (तिकडे तिला ‘कॅम्पिंग-कार’ म्हणतात) घेऊन फिरायचं ठरवलं की इथेच पहिली अडचण येते. बाकीची कागदपत्रं नेहमीच्या शेंगेन व्हिसाचीच (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) असतात.

ती आधी उरकून टाकू. भारतीय पासपोर्टवर लागतो तो अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. पासपोर्ट गेल्या १० वर्षांतला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा, आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. अर्ज ‘फ्रान्स-व्हिसाज’ या सरकारी संकेतस्थळावर भरायचा, मग मुंबई किंवा पुण्याच्या व्हीएफएस (दूतावासाच्या वतीने अर्ज घेणारी कंपनी) केंद्रात वेळ घेऊन कागद आणि बोटांचे ठसे द्यायचे. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो. शेवटची मर्यादा १५ दिवसांची, पण तितकं ताणू नका. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, शंका निघाली तर ४५ दिवसही लागतात. मोठ्यांना ९० युरो शुल्क, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना काही नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. परदेशात कायदेशीर वास्तव्य असलेल्या मराठी मंडळींनी अर्ज राहत्या देशातून करायचा, त्यासाठी गावी येण्याची गरज नाही.

सोबत बँकेचं स्टेटमेंट, आयटीआर, सॅलरी स्लिप, ऑफिसचं रजेचं पत्र (व्यवसाय असेल तर नोंदणीचे कागद), विमानाचं आरक्षण आणि प्रवास विमा. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. गाडी घेऊन स्पेन किंवा इटलीत डोकावणार असाल, तर सर्वाधिक रात्री फ्रान्समध्येच जाताहेत हे कार्यक्रमात दिसू द्या. जास्त मुक्काम ज्या देशात, अर्ज त्याच देशाकडे, असा नियम आहे.

आता त्या रकान्याकडे. गाडीच्या आरक्षणाचा कागद हा मुक्कामाच्या पुराव्याचा कणा. त्यावर तारखा, गाडी कुठून घेणार, कुठे परत करणार आणि चालकाचं नाव असावं. त्याला निदान काही रात्रींची कॅम्पसाइटची आरक्षणं जोडा. रद्द करता येतील अशीच घ्या. शिवाय एका पानाचं पत्र लिहा. तारीख, गाव, मुक्काम असा साधा तक्ता, आणि वर दोन ओळी: आम्ही मोटरहोमने फिरणार आहोत, झोपायची सोय गाडीतच आहे. फाइल वाचणाऱ्याला अंदाज बांधायला लावू नका.

पैशाचा हिशेबही इथेच बदलतो. हॉटेलचं आरक्षण असेल तर फ्रान्स माणशी दिवसाला ६५ युरोंची तजवीज पाहतं, नसेल तर १२० युरोंची. चौघांचं कुटुंब, १४ दिवस: पहिल्या हिशेबाने ३,६४० युरो, दुसऱ्याने ६,७२०. गाडीत झोपतो म्हणून खर्च कमी, हा आपला तर्क तिथे चालेलच असं नाही. खात्यात दुसरा आकडा धरूनच शिल्लक ठेवा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांकडून आलेली मोठी रक्कम मात्र उलट संशय वाढवते.

व्हिसा हातात आला की आरटीओ. भारतीय परवान्याच्या जोडीला आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी, काढायचा. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर नमुना ४-अ भरायचा. परवाना, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट जवळ ठेवायचं. शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. आयडीपी एकटा चालत नाही, मूळ परवाना खिशात हवाच. आणि परवाना, आयडीपी, पासपोर्ट या तिन्ही कागदांवरचं नाव जुळवून पाहा. परवान्यावर वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव, पासपोर्टवर माहेरचं आडनाव, हा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. तो आरटीओतच निस्तरलेला बरा, गाडी देणाऱ्या काउंटरवर नको.

एक बारकावा इथे हमखास निसटतो. आपला एलएमव्ही (हलक्या वाहनाचा) परवाना ७,५०० किलोपर्यंत चालतो. आयडीपीवरचा ‘बी’ वर्ग मात्र ३,५०० किलोपर्यंतचाच, आणि फ्रान्स तोच धरतं. हे वजन रिकाम्या गाडीचं नसून माणसं, पाणी, सामान भरून कागदावर मान्य असलेलं कमाल वजन असतं. सहा झोपायच्या जागांचं आलिशान घर बघून हरखण्याआधी हा आकडा वाचा. शिवाय चालकाचं किमान वय आणि परवाना किती वर्षं जुना हवा, या अटी प्रत्येक कंपनी आपापल्या लावते. अनामत रक्कम बहुधा मुख्य चालकाच्या क्रेडिट कार्डवर अडकवून ठेवतात, तेव्हा कार्डाची मर्यादा आधीच वाढवून घ्या.

उंचीही लक्षात ठेवा. फ्रान्सच्या हायवेवर टोल उंचीप्रमाणे ठरतो: २ ते ३ मीटरची गाडी दुसऱ्या वर्गात, ३ मीटर किंवा त्याहून उंच असेल तर तिसऱ्या. वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांतात मात्र टोलच नाही. तिथलं कार्नाक जरूर बघा. हजारो उभ्या शिळांच्या त्या रांगा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आल्या, पॅरिसच्या त्याच अधिवेशनात जिथे रायगड, राजगडासह आपल्या मराठा किल्ल्यांनाही तो मान मिळाला.

पण शिळांच्या शेजारी गाडीत झोपता येत नाही. गाडी पार्क करणं वेगळं आणि कॅम्पिंग वेगळं, हा फरक फ्रान्सचा कायदा काटेकोर पाळतो. एरवी दिवसा मोटरहोम इतर गाड्यांसारखी उभी करता येते. खुर्च्या मांडल्या, गाडीच्या बाजूचं कापडी छत उघडलं की ते कॅम्पिंग. समुद्रकिनारी, संरक्षित निसर्गस्थळी आणि ऐतिहासिक वास्तूंच्या आसपास त्याला बंदी आहे. माँ-साँ-मिशेल या समुद्रातल्या खडकावरच्या मठाला तर गाडी डोंगरापासून सुमारे अडीच किलोमीटर अलीकडे ठेवून शटलने किंवा पायी जावं लागतं.

रात्रीसाठी गावोगावी ‘एर’ असतात: मोटरहोमचे तळ, जिथे पाणी भरता येतं, सांडपाणी आणि टॉयलेटची टाकी रिकामी करता येते. दुसरी सोय ‘फ्रान्स पॅसियों’ची. वर्षाचं सभासदत्व घेतलं की द्राक्षबागायतदार, चीज करणारे शेतकरी आपल्या आवारात २४ तास फुकट थांबू देतात. मात्र टॉयलेट गाडीत असावं. विकत घ्यायची सक्ती नाही, पण यजमानाला नमस्कार करून यावं, आणि एखादी बाटली घेतली तर कोण नको म्हणेल. फक्त व्हिसाच्या फाइलमध्ये या मुक्कामांचं आरक्षण दाखवता येत नाही, म्हणूनच कॅम्पसाइटच्या चार-पाच रात्री आधी नक्की करायच्या.