पाऊल उचलत नाही: दोष कमरेतल्या मुळाचा की गुडघ्याजवळच्या नसेचा?

चालताना पाऊल लोंबायला लागलं, चप्पल पायातून निसटायला लागली, सपाट जमिनीवरही अंगठ्याला ठेच लागायला लागली, की पहिला सल्ला ठरलेला: कमरेचा एमआरआय काढा. त्यात चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती थोडी फुगलेली दिसते. ती तर कंबर कधीच न दुखलेल्या माणसांतही बऱ्याचदा दिसते. पण रिपोर्ट हातात पडला की निदान झालं असं सगळे धरून चालतात आणि कमरेला ट्रॅक्शन, पट्टा, व्यायाम सुरू होतात. दोष मात्र कित्येकदा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला असतो. महिनाभर उपचार चालतात आणि ज्या जागी नस दबली आहे तिथे कुणी बोटही लावलेलं नसतं. याचा मला मनापासून राग येतो, कारण हा फरक ओळखायला मशीन लागत नाही.

कमरेची बाजू बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. चकती मागे आणि बाजूला सरकते, नसेच्या मुळाला दाबते, कळ कुल्ल्यातून पायात उतरते, खोकल्या-शिंकण्याने वाढते. एल-४ आणि एल-५ मणक्यांमधली (‘एल’ म्हणजे कमरेचे, ‘सी’ मानेचे, ‘एस’ माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीचे) चकती साधारणपणे एल-५ च्या मुळाला दाबते, कारण एल-४ चं मूळ तिच्या वरूनच बाहेर पडून गेलेलं असतं. मानेत मणके ७ आणि नसांच्या जोड्या ८, त्यामुळे तिथला हिशेब वेगळा: पहिल्या ७ नसा आपापल्या मणक्याच्या वरून निघतात, सी-८ सातव्याच्या खालून. हे पाठ करून टाकायचं, त्यात समजून घेण्यासारखं फार काही नाही.

समजून घ्यायचं ते पुढे आहे. मज्जारज्जूपासून नसांच्या ३१ जोड्या निघतात. प्रत्येक नस दोन मुळांची बनते: पुढच्या मुळातून स्नायूंकडे हुकूम जातो, मागच्या मुळातून संवेदना आत येते. मणक्यांमधल्या छिद्रापाशी दोन्ही मुळं एकत्र येतात आणि लगेच नसेच्या दोन शाखा होतात. मागची छोटी शाखा पाठीच्या स्नायूंकडे आणि पाठीच्या त्वचेकडे वळते. तिला लक्षात ठेवा, ती पुढे कामाला येणार आहे. हातापायांकडे जाते ती पुढची शाखा, पण तीही सरळ जात नाही. शेजारच्या शाखांशी तिची वेणी घातली जाते आणि वेणीतून जी नस बाहेर पडते तिच्यात अनेक मुळांचे पेड असतात. पावलाला वर उचलणाऱ्या पेरोनियल नसेत एल-४ पासून एस-२ पर्यंतचे तंतू आहेत. उलट एकट्या एल-५ चे तंतू पेरोनियलमध्ये जातात, पोटरीकडे जाणाऱ्या टिबियल नसेत जातात आणि कुल्ल्याच्या स्नायूंकडेही जातात. मूळ आणि नस यांचे नकाशे एकमेकांवर चढलेले असतात, पण तंतोतंत जुळत नाहीत. निदान लपलेलं असतं ते या न जुळणाऱ्या जागांत.

आता पाऊल तपासू. पाऊल वर ओढायला सांगितलं आणि ते आलं नाही, यावरून काहीच ठरत नाही. त्या स्नायूला एल-४ आणि एल-५ मुळांतून आज्ञा मिळते आणि ती पेरोनियल नसेतूनच येते. म्हणजे मूळ दबलं तरी पाऊल पडणार, नस दबली तरी पडणार. अंगठा वर उचलणं, पाऊल बाहेरच्या बाजूला वळवणं, याचंही तेच. आणि बहुतेक तपासण्या इथेच थांबतात! मूळ दबो की नस, जे सारखंच बिघडतं तेवढंच तपासून कागदावर एल-५ लिहून मोकळं होतात.

तपासायचं ते पाऊल आत वळवणं. तळवा दुसऱ्या पायाकडे फिरवण्याचं हे काम टिबियालिस पोस्टेरिअर हा पोटरीतला खोल स्नायू करतो. त्याचं मुख्य मूळ एल-५ च, पण नस टिबियल, पेरोनियल नाही. पाऊल थोडं खाली झुकलेलं ठेवा, म्हणजे नडगीवरच्या स्नायूची मदत मिळत नाही. मग रुग्णाला पाऊल आत वळवायला सांगा आणि हाताने विरोध करा. दुसऱ्या पायाशी तुलना करा. जोर शाबूत असेल तर दोष बहुधा गुडघ्याजवळ. जोर गेला असेल तर कमरेकडे बघा. लगेच कुशीवर झोपवून वरचा पाय सरळ ठेवून उचलायला लावा. कुल्ल्याच्या ज्या स्नायूने तो उचलला जातो त्यातही एल-५ चा मोठा वाटा आहे आणि त्याची नस पेरोनियलपासून पार वेगळी आहे. एवढं करायला दोन मिनिटं लागत नाहीत.

बधिरपणावर इथे भिस्त ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाची वरची बाजू दोन्हींत बधिर होते. भिंतीवरच्या तक्त्यांत एकेका मुळाचा पट्टा रेघ मारून वेगळा दाखवलेला असतो, तशी रेघ अंगावर नसते. शेजारच्या मुळांचे प्रदेश एकमेकांत शिरलेले असतात, म्हणून एकच मूळ दबलं तर कडा पुसट लागतात.

रुग्णाची हकीकत मात्र खूप सांगते. पेरोनियल नस गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला, फिब्युला या नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून जाते आणि तिथे तिच्यावर जेमतेम त्वचेचं पांघरूण असतं. पायावर पाय टाकून तासन्‌तास बसणं, बराच वेळ उकिडवं बसून काम, घट्ट प्लॅस्टर, झपाट्याने घटलेलं वजन यांपैकी काही कानावर आलं की आधी तिथे बोटाने टिचकी मारून बघा, पावलात मुंग्या उठतात का ते. कंबर किंवा मांडी न दुखता पाऊल अचानक पडलं असेल तर माझा संशय पहिल्यांदा तिथेच जातो.

हातातही असाच घोळ होतो: सी-८ मूळ की कोपराजवळची अल्नर नस. अल्नरचा बधिरपणा करंगळी आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात असतो आणि मनगटाच्या आसपास थांबतो. तो हाताच्या आतल्या कडेने कोपराकडे चढत असेल तर वर, मानेच्या दिशेने शोध घ्या.

नसांची विद्युत तपासणी सांगितली असेल तर तिच्या रिपोर्टातली एक ओळ हमखास गैरसमज करून देते: ‘संवेदना वाहणाऱ्या तंतूंचा प्रतिसाद नॉर्मल.’ पाऊल तर बधिर आहे, मग नॉर्मल कसं? मागच्या मुळावर, छिद्रापाशी एक गाठ असते. संवेदना वाहणाऱ्या पेशींचं केंद्र त्या गाठीत असतं आणि तंतू मरतो तो केंद्रापासून तुटल्यावर. चकतीचा दाब सहसा गाठीच्या आतल्या अंगाला, मज्जारज्जूच्या बाजूला पडतो. गाठीपासून पावलापर्यंतचा तंतू जिवंत राहतो, यंत्राला तो ठणठणीत दिसतो, फक्त त्याचा निरोप मज्जारज्जूपर्यंत पोहोचत नाही. म्हणून बधिर पाऊल आणि नॉर्मल प्रतिसाद हे एकत्र आलं की ते मुळाकडे बोट दाखवतं. पेरोनियल नसेतले तंतू तुटले असतील तर हाच प्रतिसाद घटतो किंवा नाहीसा होतो. स्नायूत सुई घालून केलेल्या तपासणीत पाठीचे स्नायूही बिघडलेले निघाले तर प्रश्नच मिटला, कारण त्यांना जाणारी ती मागची छोटी शाखा नस छिद्रातून बाहेर पडताच फुटते. मात्र ही तपासणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी करून घेऊ नका. स्नायूंमधले बदल सुईला दिसायला दोन-तीन आठवडे लागतात.

बरं होण्याचा हिशेबही जागेवर ठरतो. नुसत्या दाबाने तंतूचं आवरण बिघडलं असेल तर काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत जोर परततो. तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे गुडघ्यापासूनचं अंतर कमरेपासूनच्या अंतरापेक्षा कितीतरी आधी कापलं जातं. सरसकट बी-१२ ची इंजेक्शनं देऊन हा वेग वाढत नाही. ती कमतरता असेल तरच द्यावीत. आणि पाऊल पडण्यासोबत लघवी अडली किंवा जांघेत, गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, तर यातलं काहीही तपासत न बसता त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठायचं.

एक फसवी जागा उरते. कुल्ल्यात दिलेलं इंजेक्शन किंवा खुब्याची शस्त्रक्रिया यांत सायटिक नस (कुल्ल्यातून मांडीमागे उतरणारी जाड नस, जिच्यातून पेरोनियल आणि टिबियल फुटतात) दुखावते तेव्हा तिचा पेरोनियल भाग जास्त मार खातो आणि चित्र हुबेहूब गुडघ्याजवळच्या दाबासारखं दिसतं. मांडीच्या मागचा बायसेप्स फिमोरिसचा आखूड भाग हा गुडघ्याच्या वर पेरोनियल भागाकडून आज्ञा घेणारा एकमेव स्नायू. सुई तिथे घातली आणि तो बिघडलेला निघाला, तर दोष फिब्युलाजवळ नाही, वर कुठेतरी आहे. तपासणी करणाऱ्याला तो स्नायू बघायला आवर्जून सांगा, कारण न सांगता तो बरेचदा राहून जातो.