आधी समोरच्याचं म्हणणं: प्रतिवाद शिकवण्यामागची पार्श्वभूमी

वादविवादाच्या सरावात विद्यार्थी बहुतेक एकाच जागी अडतो. स्वतःची बाजू पाठ असते. समोरून अनपेक्षित मुद्दा आला की तीच बाजू तो पुन्हा मांडतो, फक्त जरा चढ्या आवाजात. ही खोड जुनी आहे, आणि तिच्यावरचा इलाजही.

न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ संस्कृत ग्रंथात, वादात हरण्याची 22 निग्रहस्थानं (हार ठरवणाऱ्या चुका) दिली आहेत. त्यांतलं 'अननुभाषण' शिकवणाऱ्यांनी आधी उघडावं: समोरच्याचं विधान तीनदा सांगून झालं, सभेला कळलं, तरी ते परत म्हणून दाखवता आलं नाही तर हार. उत्तर बरोबर की चूक, ही पुढची गोष्ट. 'मतानुज्ञा' तर रोजच्या ओळखीची. आक्षेप न खोडता 'हा दोष तुमच्यातही आहे' म्हणणं, म्हणजे आपला दोष कबूल करणं. समोरच्याची चूक दिसत असताना सोडून दिली तरी निग्रहच, 'पर्यनुयोज्योपेक्षण'.

13व्या शतकात पॅरिस विद्यापीठातही समोरच्याचं म्हणणं आधी मांडायची हीच शिस्त होती. ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसच्या 'सुम्मा' या ग्रंथाची मांडणी त्याच वळणाची: आधी आक्षेप, मग त्यांच्या विरुद्ध एखादं प्रमाण, मग स्वतःचं उत्तर, आणि शेवटी एकेका आक्षेपाचा वेगळा निकाल. वर्गात नेमकी ही शेवटची पायरी गळते.

केंब्रिज युनियन (1815) आणि ऑक्सफर्ड युनियन (1823) या इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांच्या वादसभांनी संसदेच्या धर्तीवर ठराव आणि मतदान आणलं. सभा जिंकायची म्हटल्यावर वक्तृत्वाचा भाव वधारणारच. 1990 नंतरच्या दशकात शाळांसाठी आलेल्या, तत्त्वज्ञ कार्ल पॉपरच्या नावाच्या वादविवाद पद्धतीत उलटतपासणीला राखीव वेळ मिळाला: तिघांचा संघ, 6 मिनिटांचं पहिलं भाषण आणि लगेच प्रतिपक्षाचे 3 मिनिटं प्रश्न. न ऐकता प्रश्न विचारणार कसे?

ऐकलेलं टिपायची रीतही ठरून गेली आहे. कागद आडवा, प्रत्येक भाषणाला एक रकाना, दोन पक्षांना दोन रंग. मुद्दा तीन-चार शब्दांत लिहायचा आणि उत्तर शेजारच्या रकान्यात, त्याच ओळीत. नवखे पूर्ण वाक्य उतरवत बसतात, तेवढ्यात पुढचा मुद्दा निसटतो. दोन मुद्द्यांत जागा सोडली नाही तर उत्तरं खाली घसरतात आणि कोणतं कशाचं, हे नंतर लिहिणाऱ्यालाच लागत नाही. उजवीकडचा रकाना कोरा राहिला, तर बहुतेक परीक्षक तो मुद्दा मान्य झाला असं धरतात. न्यायसूत्रांत या कोऱ्या जागेलाही नाव आहे: 'अप्रतिभा', उत्तर न सुचणं.