पुण्यातल्या पोरांचं टेन्शन आलं कुठून

पुण्यात वाढलेल्या माणसाला एक वाक्य पाठ असतं, "असंच चाललं ना तर मला येरवड्याला भरती व्हावं लागेल." येरवडा म्हणजे तिथलं मनोरुग्णालय (जेलही तिथंच आहे, पण या वाक्यात जेल कधीच नसतं). आमची आई हे दिवसातून दोनदा म्हणायची, दूध उतू गेलं तरी. मनाचं काही बिनसलं की थेट येरवडा, मधे एकही स्टॉप नाही. आणि आता माझी नववीतली मुलगी पोहे खाता खाता म्हणते, "मला सकाळपासून अँक्झायटी येतेय", आणि आजी विचारते, पित्ताची गोळी देऊ का. या दोन वाक्यांच्या मधे काय काय घडलं ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

मुळात तेरा ते एकोणीस हे काही वेगळं वय असतं हीच गोष्ट फार जुनी नाही. अमेरिकेत जी. स्टॅनली हॉल या मानसशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये या वयावर दोन जाडजूड खंड लिहिले, हे वादळाचं वय आहे वगैरे. आणि आपल्याकडे त्याच्या तेराच वर्षं आधी, १८९१ मध्ये, मुलींचं संमतिवय (शरीरसंबंधासाठीचं, लग्नाचं नव्हे) दहाचं बारा करायचं की नाही यावरून पुण्यात रान पेटलं होतं, टिळक कायद्याच्या विरोधात, आगरकर बाजूने, सुधारकांची सभा उधळण्यापर्यंत मजल गेली होती. मग १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं. म्हणजे आमच्या पणजीला टीनएज मिळालंच नाही, ती थेट सून झाली. आजीला थोडं मिळालं, तेही चुलीपाशी. मुलांसाठी हे वय मोकळं झालं ते शाळेमुळे, आणि शाळेने लगेच ते परीक्षेने भरूनही टाकलं.

परीक्षा हा पुण्याचा खरा देव. राज्याचं बोर्ड १९६६ पासून आहे, मुख्य ऑफिस पुण्यातच, आणि मेरिट लिस्ट नावाचा प्रकार होता तोवर निकालाच्या दुसऱ्या दिवशीचा पेपर म्हणजे सोहळा असायचा, पहिल्या पानावर आई-बाबा मुलाच्या तोंडात पेढा कोंबतायत असा फोटो, खाली "रोज दहा तास अभ्यास केला, टीव्ही पाहिला नाही". माझी दहावी १९९६ ची. अप्पा बळवंत चौकातून अपेक्षित प्रश्नसंच आणायचा, क्लास लावायचा, आणि वाड्यातल्या काकूंनी जिन्यात गाठून "मग, किती पडतील?" विचारलं की घसा कोरडा पडायचा. तेव्हा टेन्शन नव्हतं असं जे आमच्या वयाचे लोक सांगतात ना, ते साफ खोटं आहे. २०१० च्या जानेवारीत राज्यात विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या एकामागोमाग एक येत होत्या, तेव्हा कुठल्या दप्तरात स्मार्टफोन होता? त्यामुळे "सगळं मोबाईलमुळे" हे मला पटत नाही, ते फार सोयीचं उत्तर आहे, आपल्याला तर जास्तच सोयीचं.

पण एक फरक होता. आमच्या टेन्शनला सुट्टी असायची. काकू जिन्यात भेटायच्या, घरात नाही. संध्याकाळी सातनंतर वर्गातल्या कुणाला काही सांगायचं तर लँडलाईनवर फोन, आणि तो आधी बाबा उचलणार, त्यामुळे कोणी करायचंच नाही. निकाल लागला की आठ दिवस चर्चा आणि मग अकरावीच्या रांगेत विषय संपला. आणि तुलना कुणाशी तर वाड्यातला एक हुशार आणि एक मामेभाऊ, एवढेच.

मदतीचं म्हणाल तर ती पुण्यात आडवाटेनेच आली. १९६२ मध्ये अप्पा पेंडशांनी सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, ते स्वतः मानसशास्त्राचे, त्यामुळे मुलांच्या बुद्धिमत्तेच्या चाचण्या, मार्गदर्शन हे शब्द मराठी घरांत त्या वाटेने शिरले, अर्थात रोख हुशार मुलांवर. देशाचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, पण त्याचा भर मोठ्या आजारांवर, परीक्षेआधी उलट्या होणाऱ्या मुलाकडे बघायला त्यात कोण होतं? मग गर्दची (ब्राउन शुगर) लाट आली, कॉलेजातली पोरं त्यात अडकायला लागली, अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, पुलं आणि सुनीताबाईंनी मदतीचा हात दिला, आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचटांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण येरवड्याला जाऊन माणूस बरा होऊन घरी परत येतो हे पुण्याने मोठ्या प्रमाणावर तेव्हा पाहिलं. ठाण्यात १९९० पासून मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींच्या आयपीएच या संस्थेने मनाबद्दल चारचौघांत, हसत-खेळत बोलायची सवय लावली, ती इकडेही पोचली. "समुपदेशन" हा अवघड शब्द तेव्हापासून कानावर पडायला लागला, तरी आमची आई त्याला अजून समोपदेश म्हणते, आणि उपदेश असेल तर मीच करते की, पैसे कशाला.

आता मोबाईलकडे येऊ. भारतात लोकांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, पण पोरांच्या हातात यायला वेळ लागला. आधी नेट कॅफे, तासाचे पैसे मोजून, म्हणजे तिथंही घड्याळ होतं. २००४ ला ऑर्कुट ही सोशल साइट आली, लोक एकमेकांना टेस्टिमोनियल लिहायचे, आता आठवलं तरी लाज वाटते. २००९ मध्ये फेसबुकवर लाईकचं बटण आलं, आणि माझ्या मते खरी गडबड तिथं झाली, कारण आवडणं पहिल्यांदा आकड्यात मोजलं जायला लागलं, आणि आकडा म्हटला की पुण्याला तो टक्केवारीसारखाच दिसतो. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा जवळपास फुकट झाला, घड्याळ गेलं. मग मार्च २०२० मध्ये राज्यातले कोविडचे पहिले पेशंट पुण्यातच सापडले, शाळा बंद, आणि ज्या आईबापांनी दहावीपर्यंत फोन नाही अशी शपथ घेतली होती त्यांनीच पाचवीतल्या पोरांना फोन घेऊन दिले, कारण वर्गच फोनमधे भरत होता. त्याच जूनअखेरीला टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैमधे इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. टायमिंग बघा. पुढच्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५ टक्के, आणि त्या बॅचची पोरं अजून "तुम्ही कोविडवाले" हा टोमणा खातात.

आमच्या घरातलं सांगतो. मुलीच्या क्लासचा ग्रुप आहे, (जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सांगितलंय की सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगला घ्यायचं नाही, ती चौदाची आहे, क्लास म्हणतो हे कोचिंग नाही फाउंडेशन आहे, आणि फी मीच भरलीय त्यामुळे मी गप्प). दर रविवारी टेस्ट, आणि रात्री साडेदहा-अकराला ग्रुपवर पीडीएफ पडते, नाव, मार्क, रँक, लाल आणि हिरव्या रंगात. पीडीएफ पडली की घरात शांतता होते. मग ती ज्याचा पहिला नंबर आहे त्याची स्टोरी बघते, तो सिंहगडावर पिठलं-भाकरी खात असतो. म्हणजे तो अभ्यास न करता पहिला आणि वर सिंहगडावर. फोटो तीन आठवड्यांपूर्वीचा होता हे नंतर कळलं, पण रात्री अकराला तेवढा विचार कोण करतं? मेरिट लिस्ट बोर्डाने कधीच बंद केली, ती आमच्याकडे दर रविवारी लागते.

मोठ्या कंपन्यांना हे माहीत नव्हतं असंही नाही. २०२१ मध्ये फेसबुकमधेच काम केलेल्या फ्रान्सिस हॉगेन या बाईने कंपनीची आतली कागदपत्रं बाहेर आणली (इन्स्टाग्रामही त्यांचंच), त्यात त्यांच्याच पाहणीत होतं की ज्या मुलींना आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटतंय त्यातल्या ३२ टक्के म्हणाल्या, इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं.

आपल्याकडचे आकडे बघितले तर निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांमधे मानसिक आजार दिसला होता, म्हणजे जिओ यायच्या आधीच. आणि एनसीआरबीच्या (गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची नोंद ठेवणारं केंद्राचं खातं) २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं, त्यात सगळ्यात जास्त महाराष्ट्रातले, १,७६४. यात कॉलेजची मुलंही आली आणि प्रत्येकामागे एकच एक कारण नसतं हे खरं, पण आकडा वाचून मी फोन खाली ठेवला होता.

कायदे त्यामानाने पटापट आले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न धरता तो प्रचंड ताणाखाली होता असं धरायला सांगितलं. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक पाहिजेच.

मुलीच्या शाळेत समुपदेशक आहेत, आठवड्यातून दोन दिवस येतात, बाई चांगल्या आहेत असं सगळे म्हणतात. खोली स्टाफरूमच्या बरोबर समोर, दारावर मोठी पाटी. मुलीला विचारलं, तू कधी गेलीस का गं? म्हणाली, "बाबा, मधल्या सुट्टीत तिकडे कोण गेलं ते पाच मिनिटांत ग्रुपवर येतं."