डूलिनच्या रात्रीसाठी कान तयार करून या

आपल्या आयर्लंड सहलीत क्लेअर परगण्यातल्या डूलिन गावी एक मुक्काम आहे. दिवसा मोहरचे समुद्रकाठचे उंच कडे पाहायचे आणि रात्री पबमधले वादन ऐकायचे. 'आम्हाला त्यातलं काय कळणार?' असे कोणीतरी विचारतेच. म्हणून निघण्याआधी आठवडाभर 'लूनासा' या आयरिश वाद्यवृंदाला रोज थोडे ऐका. त्यांचा १९९९ चा 'अदरवर्ल्ड' हा अल्बम सुरुवातीला उत्तम.

लूनासामध्ये गायक नाही. आडवी लाकडी बासरी, सहा भोकांची टिन व्हिसल, फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि इलन पाइप्स (आयरिश बॅगपाइप). या पाइप्समध्ये तोंडाने फुंकत नाहीत, कोपराखालच्या भात्याने हवा भरतात. खाली तानपुऱ्यासारखा एक स्वर सतत चालू राहतो, त्यावर धून फिरते. २०१७ साली युनेस्कोने या वादनपरंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

ताल आपल्याला परके नाहीत. जिग आणि रील हे नाचाच्या धुनांचे प्रकार. जिग ऐकताना दादरा आठवेल, रील ऐकताना जलद केरवा. धुनेचे बहुधा दोन भाग असतात, प्रत्येक भाग दोनदा वाजतो. सगळी धून दोनतीनदा झाली की न थांबता दुसरी सुरू होते. तो सांधा पकडा! तिथे सगळ्या वादनाला जो उठाव येतो, त्यासाठी आम्ही पुन्हा पुन्हा आयर्लंडला जातो.

आता लूनासाच्या वादनात नवे काय? धून जुनीच, तिला फारसा धक्का नाही. नवेपण धुनेखालच्या साथीत आहे. ड्रम न घेता गिटार आणि उभा डबल बास लय उचलतात. बास वाजवणारे ट्रेव्हर हचिन्सन आधी 'वॉटरबॉइज' या रॉक बँडमध्ये होते, आणि ते ऐकू येते. म्हणून पहिल्यांदा बासरीकडे लक्ष द्या, दुसऱ्यांदा फक्त बासकडे. तीच धून वेगळी वाटेल.

डूलिनला मात्र मैफल नसते, 'सेशन' असते. वादक टेबलाभोवती बसून एकमेकांसाठी वाजवतात. त्यांच्या खुर्च्यांवर बसू नका, चित्रीकरणाआधी विचारा, टाळ्यांनी ठेका धरू नका. मद्य घ्यायलाच हवे असे नाही, चहा मागितला तरी चालतो. लहान मुलांना पबमध्ये उशिरापर्यंत थांबू देत नाहीत, त्यामुळे मुले बरोबर असतील तर सहलप्रमुखांना आधी सांगा. त्या दिवशी जेवण लवकर उरकून घेऊ.